अण्णांचा टँकर आणि गर्दची पुडी

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरी कुणी "एखादी केस सांगा" म्हटलं, की माझ्या तोंडून सगळ्यात आधी निघते ती ही. हिच्यात गोळी सुटली नाही की पाठलाग झाला नाही. आरोपीवर मात्र माझा जीव होता. पोलीस अधिकाऱ्याने असं लिहू नये म्हणतात. आता निवृत्त आहे, म्हणून लिहितो. नाव कुणाचंच देणार नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादेतून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, तरी आमच्या ठाण्यातल्या अर्ध्या कागदांवर जुन्याच जिल्ह्याचा शिक्का होता. जुनं रेकॉर्ड लागलं, की एका शिपायाला एसटीत बसवून तिकडे धाडायचं आणि दोन दिवस वाट बघायची. मी नांदेड जिल्ह्यातला, उमरीकडचा. फौजदार म्हणून माझी ही दुसरीच नेमणूक. उदगीरच्या पुढे हमरस्त्यावरचं लहानसं ठाणं: पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, एक कोठडी. त्यात दुष्काळ. दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती. माणशी एक बादली पाणी, असा नियम मी ठाण्यात लावला होता. कोठडीतल्या आरोपीलाही तेवढीच बादली मिळायची.

हे पाणी आणणारा माणूस म्हणजे अण्णा. सरकारी टँकरवर ड्रायव्हर. वय चाळिशीच्या आत-बाहेर, भरदार मिशा, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. रोज सात-आठ वाड्या-वस्त्यांना पाणी द्यायचा, आणि शेवटी आमची टाकी भरायचा. टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या, भांडणं व्हायची. पण अण्णा असला की भांडण होत नसे. तो टपावर चढून ओरडायचा, "आधी म्हाताऱ्या, मग दोन जिवाच्या, मग बाकीच्या. आणि सरपंचाच्या सुनेला येगळी रांग न्हाई!" एका गावात खुद्द सरपंचाने रांग मोडली, तर अण्णाने नळी बंद करून टपावरच मांडी घातली आणि सरपंच मागे जाईपर्यंत उठला नाही. आमचे हवालदार चाचा म्हणायचे, "साब, या माणसाला आपल्या ठाण्यात घ्या. बंदोबस्ताला चार माणसं कमी लागतील."

हे चाचा म्हणजे माझे खरे गुरू. निजामाच्या काळी त्यांचे वडील जमादार होते. कायदा मी पुस्तकातून शिकलो, माणसं चाचांकडून.

एके सकाळी हजेरी चालू असताना नाक्यावरची पानटपरीवाली आक्का ठाण्याच्या दारात येऊन उभी राहिली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पन्नाशीची बाई. नवरा गेल्यापासून टपरी एकटीच चालवायची. पोलिसांना उधार पान न देणारी अशी तिची ख्याती. ती कधी ठाण्याची पायरी चढली नव्हती. मी तिला आत बोलावलं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, एक इचारू? शिगरेट न वढणारा माणूस पाकिटातली चांदी कशाला मागतो?"

"चांदी?"

"त्यो आतला चकचकीत कागद. गिऱ्हाइकं रिकामी पाकिटं टाकतात. त्यातली चांदी तेवढी काढून दे म्हणतो. चार म्हैने झाले."

तिने पदराची गाठ सोडली. आत दोन वस्तू होत्या. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तिच्यावर मधोमध काळपट तपकिरी ओघळ. आणि बोटभर लांबीचा, बऱ्याच घड्या पडलेला पांढरा कागद. टपरीच्या मागे पडलेल्या होत्या म्हणाली.

मी विचारलं, "कोण मागतो?"

तिने मोकळा पदर खांद्यावर घेतला. मग गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाली, "आधी शबूद द्या. त्याला मारणार न्हाई म्हणा. भाऊ हाय माझा, मानलेला. चहात चार चमचे साखर घालून पितो आणि तरी वाळून चाललाय. पकडा म्हणून आले न्हाई मी. वाचवा म्हणून आले."

मी शब्द दिला. मग तिने अण्णाचं नाव घेतलं.

मला अमली पदार्थ म्हणजे गांजा आणि अफू एवढंच माहीत होतं. पण मुंबईहून एक परिपत्रक आलं होतं, ते मी फाइलला लावताना वाचलं होतं. शहरात 'गर्द' नावाची तपकिरी पूड आली आहे, चांदीवर तापवून तिचा धूर ओढतात, आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस तिचा गुलाम होतो, असं त्यात होतं. हे लोण आमच्या नाक्यापर्यंत येईल असं परिपत्रक काढणाऱ्यालाही वाटलं नसेल. मी ते पुन्हा काढून चाचांना वाचून दाखवलं. चाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "अण्णा? नाही साब. तो तर तंबाखू पण खात नाही."

आम्ही साध्या वेशात दोन दिवस त्याच्यावर पाळत ठेवली. विहिरीवर टँकर भरताना तो जांभया देत होता, नाक पुसत होता, दंड खाजवत होता. एका वस्तीवर म्हाताऱ्यांची रांग लावायचं विसरला. बायका भांडत राहिल्या आणि हा चाकाला टेकून बसून राहिला. मला ते बघवेना. तरी थांबलो, कारण मला अण्णापेक्षा त्याला पुडी देणारा हवा होता. तेवढा एक दिवस मी थांबायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, टँकर उलटला. मी मोटारसायकलने पोचलो. सरळ रस्ता, पुढून गाडी नाही, खड्डा नाही. टँकर नाल्यात आडवा, आणि सगळं पाणी मातीत. जवळच्या वस्तीतल्या बायका ओंजळीने तो गाळ भांड्यात भरत होत्या. कुणी मेलं नव्हतं, अण्णाच्या कपाळाला खोक पडली होती. तो बांधावर बसून रडत होता. एक म्हातारी चिखलाने भरलेल्या हातांनी त्याला म्हणत होती, "रडू नगं लेकरा. पाणी उद्या आणशील. तू वाचलास न्हवं?"

तिचं ऐकून तो आणखीच रडायला लागला.

पंच बोलावले, पंचनामा केला. ड्रायव्हरच्या सीटखाली चांदी सापडली, धूर ओढायची कागदाची नळी सापडली आणि दोन भरलेल्या पुड्या. लाखेचं सील केलं. अमली पदार्थांचा नवा कायदा नुकताच आला होता आणि कडक होता. अण्णाचे हात मी स्वतः धरले. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुमच्या टाकीत आज पाणी न्हाई आलं."

दुसऱ्या दिवशी कोर्टाने पोलीस कोठडी दिली. त्याच दुपारपासून त्याच्या शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. मे महिना, पत्रा तापलेला, आम्ही घामाने भिजलेले. आणि अण्णा घोंगडी पांघरून कुडकुडत होता. अंगावर काटा, पायांत गोळे, ओकाऱ्या. पाय झाडून झाडून त्याने टाच सोलून घेतली. सरकारी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासून गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "जीव जाणार नाही. पण त्याला वाटेल की जातोय. एकटं सोडू नका." चाचा कोठडीत जाऊन बसले आणि या साठीला टेकलेल्या माणसाने आरोपीचे पाय चेपायला घेतले. कुठल्या नियमात बसतं विचारू नका. मी स्टेशन डायरीला 'आरोपीची प्रकृती ठीक नाही, हवालदार देखरेखीस' अशी नोंद केली.

मी विचारत राहिलो. "पुडी कोण देतो?"

"सापडली रस्त्यात."

"अण्णा, मी फौजदार आहे. निदान मला पटेल असं तरी खोटं बोल."

"खरंच, साहेब."

वरून फोन येत होते. लातूरच्या उपअधीक्षक साहेबांना मूळ विक्रेता हवा होता. आमच्यातलाच एक जमादार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, मारायची गरज न्हाई. एक पुडी नुसती दाखवा. पोपटासारखा बोलंल." मला मोह झाला, हे इथे कबूल करतो. मुद्देमालाच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. मी उठलोही. चाचांनी कोठडीतून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साब, भुकेल्या कुत्र्याला हाड दाखवून त्याच्याकडून इमान घेता येत नाही." मी परत बसलो.

संध्याकाळी मी पेन बाजूला ठेवून त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हटलं, "नाव सांगू नकोस. पण एक सांग. तू एवढा शहाणा माणूस. यात आहे तरी काय?"

त्याने घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. मग बोलला.

"पाठ लई दुखायची, साहेब. रोज दोनशे घागरी भरायच्या, खड्ड्यातून गाडी हाणायची. एकानं म्हटलं, ही दवा घे. वढली. कसं सांगू तुमाला… कुणी आईवानी पाठीवरून हात फिरवला असं वाटलं. दुखणं तर गेलंच, पण दुष्काळ गेला, बायकांची भांडणं गेली, लेकीच्या लग्नाचा घोर गेला. सगळं थंडगार. तवापासून त्योच हात हुडकून राहिलो. पण त्यो एकदाच येतो, साहेब. दुसऱ्यांदा तसा आलाच न्हाई. आता नुसतं दुखू नये म्हणून वढतो."

"मग ज्याने हे दिलं त्याचं नाव का लपवतोस? दोस्त आहे?"

"दोस्त कशाचा?" तो हसला. अटकेनंतर पहिल्यांदा. "तुम्ही त्याला धरलं तर मी सुटल्यावर मला कोण देईल?"

इतकं खरं उत्तर मला कुठल्याही आरोपीने दिलेलं नाही.

कोठडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर आक्काने आणलेला तो घड्या पडलेला कागद घेऊन बसलो होतो. जप्त केलेल्या पुड्यांचा कागदही असाच होता. कागदावर अक्षर नाही, शिक्का नाही. मी नुसता घड्यांवरून दुमडून बघत होतो. तेवढ्यात आक्का आली, अण्णासाठी भाकरी आणि दही घेऊन. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "असं न्हाई, साहेब. द्या इकडं."

तिने माझ्या टेबलावरचा कोरा कागद फाडून तीन तुकडे केले. "ही बघा, किराणावाल्याची पुडी." तिने शंकूसारखी गुंडाळी केली. "ही माझी, सुपारीची." चौकोनी, वरून मुडपलेली. मग तिने तिसरा तुकडा घेतला, लांबट दुमडला आणि दोन्ही टोकं एकमेकांत अशी खोवली, की हलवली तरी कणभर पूड सांडू नये. अगदी आमच्या मुद्देमालासारखी पुडी तयार झाली.

"ही दवाखान्यातली घडी हाय. माझा नवरा आजारी होता तवा वरीसभर असल्याच पुड्या सोडल्या मी. दुकानदाराचा हात असा वळत न्हाई. हे कंपाउंडरचं काम हाय."

मी चाचांकडे बघितलं. चाचा आधीच उठले होते. "साब, नांदेड रोडला टायरच्या दुकानाशेजारी एक आहे. गावातल्या डॉक्टरने त्याला दोन वर्षांमागे काढून टाकलं. आता ड्रायव्हर लोकांच्या कमरेवर इलाज करतो."

मग सगळं एका दिवसात झालं. पंच तयार केले, राजपत्रित अधिकारी बोलावून घेतले. आमच्यातला एक शिपाई अंगाने ड्रायव्हरसारखा दिसायचा. त्याला मळकी बनियन घातली आणि कंबर धरून चालायला शिकवलं. भर दुपारी तो आत गेला. ठरल्याप्रमाणे पाच मिनिटांनी बाहेर येऊन त्याने डोक्याचा रुमाल सोडला, आणि आम्ही आत शिरलो. स्वच्छ खोली, पांढरी चादर, भिंतीला देवाचं कॅलेंडर, फळीवर काचेच्या बरण्या ओळीने. बरण्यांवर 'वात', 'खोकला', 'झोप' असं सुबक अक्षरात लिहिलेलं. 'वात' लिहिलेल्या बरणीत गर्दच्या पुड्या होत्या.

कंपाउंडर घाबरला नाही. चष्मा पुसत म्हणाला, "मी कुणाला बोलावत नाही, साहेब. दुखणं घेऊन येतात. पहिली पुडी मी फुकट देतो. दुसऱ्या वेळेला ते चालत येतात, तिसऱ्या वेळेला धावत." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. मी त्याला हात लावला नाही, पण त्या दिवशी माझे हात किती वेळ शिवशिवत होते ते मलाच ठाऊक. मुंबईहून येणाऱ्या मालट्रकमधून त्याला माल पोचत होता. पुढचे दुवे वरच्यांनी तपासले. आमच्या रस्त्यावरचे अकरा ड्रायव्हर त्याच्याकडे येत होते, हे त्याच्याच तोंडून कळलं.

मी कोठडीत जाऊन अण्णाला सांगितलं, "तो सापडला."

मला वाटलं होतं, हा सुटकेचा श्वास टाकेल. त्याने भिंतीवर डोकं आपटलं. चाचांनी त्याला मिठीत आवळून धरलं, आणि तो चाचांच्या खाकी शर्टात तोंड खुपसून ओरडत राहिला. पंधरा मिनिटं, अर्धा तास, माहीत नाही. मग शांत झाला. चाचांच्या मांडीवरच झोपला. जागा झाल्यावर पहिलं वाक्य बोलला, "आक्कानं भाकरी आणली होती न्हवं?"

भाकरी खाऊन त्याने पूर्ण जबाब दिला.

नव्या कायद्यातच एक तरतूद होती. व्यसनी माणूस उपचाराला तयार असेल, तर कोर्ट त्याला शिक्षेऐवजी बंधपत्रावर दवाखान्यात पाठवू शकतं. कडक कलमांच्या गर्दीत ती कुणी फारशी वाचत नसे. मी आणि सरकारी वकिलांनी ती कोर्टापुढे ठेवली. अण्णाला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दाखल केलं. त्याची बायको मुलीला घेऊन तिथेच वऱ्हांड्यात राहिली. माझी आई तेव्हा नांदेडला माझ्या भावाकडे होती. तिला पत्र लिहिलं, की एक ओळखीचा पेशंट आहे, बघून ये. आई दर गुरुवारी डबा घेऊन जायची. तो आरोपी आहे हे मी तिला कळवलं नव्हतं. तिने मला उलट लिहिलं, 'तुझा तो मिशाळ मित्र फार गुणी आहे, जेवल्यावर डबा घासून देतो.'

तो बरा होऊन परतला, असं इथे लिहून थांबलो तर वाचकांना आवडेल. पण तसं झालं नाही. चार महिन्यांनी एका सकाळी तो ठाण्यात आला आणि माझ्यासमोर हात पुढे करून उभा राहिला. "साहेब, पुन्हा वढलो. दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन वढलो. आत घाला मला." पुडी दाखवा म्हणणारा तो जमादार म्हणाला, "बघा साहेब, असली माणसं सुधरत न्हाईत." मी अण्णाला बसवलं, चहा मागवला. खरं तर मला भयंकर राग आला होता. माझ्या आईने डबे दिले होते, चाचांनी पाय चेपले होते. पण तो पळून गेला नव्हता, चालत माझ्याकडे आला होता, एवढं मला त्या रागातही दिसलं. चाचा दुपारच्या एसटीने त्याला पुन्हा नांदेडला घेऊन गेले.

त्यानंतर त्याने ओढलं नाही. वस्त्यांवरच्या बायकांनी तहसीलवर जाऊन आपला टँकरवाला परत मागितला, तरी सरकारी गाडी त्याला पुन्हा मिळाली नाही. ते योग्यच होतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणावर तो काही वर्षं पंप चालवायला होता. सुटीच्या दिवशी दवाखान्यात जायचा आणि नव्याने दाखल झालेल्यांचे पाय चेपत बसायचा. कंपाउंडरला शिक्षा झाली. त्या खटल्यात अण्णाची साक्ष दोन तास चालली. कंपाउंडरच्या वकिलाने त्याला "गर्दुल्ला" म्हणून हिणवलं तेव्हा तो म्हणाला, "हाव, हाय. म्हणून तर मला ठाव हाय."

पुढे मोठ्या हुद्द्यावर असताना एका प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे आम्हाला कोकेनपासून बनवलेल्या खड्यांची माहिती देत होते. क्रॅक म्हणतात त्याला. चिलमीसारखं ओढतात, नशा काही मिनिटांचीच, आणि ती उतरली की माणूस लगेच पुढचा खडा शोधतो. एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "काही मिनिटांसाठी लोक घरदार का घालवतात?" शिकवणाऱ्यांनी मेंदूतल्या रसायनांचं नाव सांगितलं. ते बरोबरच असणार. मी उठून त्यांना अण्णाचं वाक्य सांगितलं, आईच्या हाताचं. वर्गात कुणी हसलं नाही.

या केसने मला काय शिकवलं? पुडी जप्त करता येते, तलफ जप्त करता येत नाही. विकणाऱ्यावर दया दाखवू नये, ओढणाऱ्यापाशी मात्र कुणीतरी बसायला हवं, आणि ते बसणं फार कंटाळवाणं, फार लांबणारं काम असतं. पण हे मी ती केस संपली तेव्हा म्हटलं असतं, तर अर्धवट म्हटलं असतं. राहिलेलं अर्धं मला फार उशिरा कळलं.

अण्णाच्या मुलीचं लग्न उदगीरला झालं. चाचा तेव्हा हयात नव्हते. आक्का होती, थकलेली, पण मांडवात सगळ्यांना विडे तीच देत होती. अण्णाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. पंगत बसायला वेळ होता. आम्ही दोघं मांडवाच्या कडेला बसलो होतो. ओढणं सुटून बारा-तेरा वर्षं झाली होती. मी सहज विचारलं, "अण्णा, आता तर आठवणही येत नसेल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलीच्या लग्नात बापाने गोड बोलावं, अशी माझी अपेक्षा होती.

"येती, साहेब. रोज येती. आज पण आली, सकाळी, हळद निघताना."

"मग?"

"मग काय? आली, बसली. मी म्हटलं, बस बाई, मला कामं हायत."

आणि तो उठला, उपरणं कमरेला बांधलं, जिलेबीची परात उचलली आणि पंगतीत वाढायला गेला.